७३ व्या वर्षी लेनर्ड कोहेन पुन्हा स्टेजवर का आले?

२०२५ मध्ये ८३ वर्षांचे पॉल मॅकार्टनी अमेरिकेत टूरवर होते. बॉब डिलन त्यांच्याहून वर्षभराने मोठे, तेही अजून फिरतायत. असे व्हिडिओ व्हायरल झाले की खाली कमेंट ठरलेली असते, वय हा फक्त आकडा आहे म्हणून. ऐकायला छान वाटतं. पण म्हातारपणी एकट्याच्या नावावर टूर काढायची म्हणजे आवाज, तब्येत आणि पैसा या तिन्हींचा हिशेब लागतो. हा हिशेब समजून घ्यायला कॅनडाचे गायक-कवी लेनर्ड कोहेन यांच्यासारखं दुसरं उदाहरण नाही.

१९९३ नंतर कोहेन यांनी टूर बंद केल्या. कॅलिफोर्नियातल्या माउंट बाल्डीवरच्या झेन मठात ते काही वर्षं राहिले. १९९९ मध्ये ते थेट मुंबईत आले. बँक ऑफ इंडियाच्या सर्वोच्च पदावरून निवृत्त झालेले रमेश बाळसेकर रोज सकाळी आपल्या घरी अद्वैतावर बोलायचे. निसर्गदत्त महाराजांच्या मराठी बोलण्याचा इंग्रजीत अनुवाद करणारे बाळसेकर ते हेच. हा जगप्रसिद्ध गायक तिथे चारचौघांसारखा बसून ऐकायचा. अनेक वर्षं छळणारं नैराश्य याच सुमारास ओसरलं, असं पुढे त्यांनी मुलाखतींत सांगितलं.

मग बिनसलं कुठे?

२००४ च्या सुमारास लक्षात आलं, की निवृत्तीसाठी ठेवलेले पैसे गायब आहेत. कोहेन यांच्या दाव्यानुसार जुन्या मॅनेजरने ५० लाख डॉलर्सहून जास्त रक्कम काढून घेतली होती आणि उरले होते दीडेक लाख. २००६ मध्ये कोर्टाने त्यांना सुमारे ९० लाख डॉलर्स द्यायचा आदेश दिला. निकाल हातात आला, पैसे काही आले नाहीत.

आता गाण्यांची रॉयल्टी होती की, असं कुणालाही वाटेल. पण गाण्यांच्या हक्कांचा मोठा भाग आधीच विकला गेला होता. हक्क विकले की पुढची कमाई विकत घेणाऱ्याची. तिकिटाचा पैसा मात्र वेगळा. गायक स्वतः उभा राहून गायला तरच तो येतो, त्यामुळे तो आधीच विकून टाकता येत नाही. कोहेन यांच्याकडे विकण्यासारखं हेच एक उरलं होतं.

तरी ते बिचकत होते. १५ वर्षांनी कोण येणार ऐकायला? शेवटी रिहर्सलचा खर्च प्रमोटरने उचलला, आणि नाही जमलं तर सोडून द्यायची मुभाही दिली. काही महिने कसून तालीम झाली. ११ मे २००८ ला पहिला शो झाला तो कॅनडातल्या फ्रेडरिक्टनला, जेमतेम सातशे खुर्च्यांच्या थिएटरमध्ये. थेट लंडन-न्यूयॉर्कला उडी न मारण्यातलं हे शहाणपण फारसं कुणी सांगत नाही, पण टूर सावरली ती इथे.

एकट्याच्या नावाची जोखीम

बँडमध्ये ओझं वाटून घेता येतं. कोहेन यांच्यासोबत सहा वादक आणि तीन गायिका होत्या, पण पोस्टरवर नाव एकच. त्यात शो तीन-तीन तासांचे. सप्टेंबर २००९ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात गाता गाता ते स्टेजवरच कोसळले आणि शो तिथेच थांबला. तीन दिवसांनी, स्वतःच्या ७५ व्या वाढदिवशी, ते बार्सिलोनात पुन्हा उभे होते. हे कौतुकाचं की काळजीचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

वयाने त्यांना एका बाबतीत मात्र साथ दिली. आवाज वर्षागणिक खाली उतरत गेला होता आणि त्यांच्या गाण्यांना तो शोभत होता. वरच्या पट्टीवर नाव कमावलेल्या गायकाला ही सोय नसते.

गेलेले पैसे भरून निघाल्यावरही कोहेन थांबले नाहीत. २०१२ मध्ये नवा अल्बम आला, त्यासोबत नवी टूर. शेवटचा शो झाला २१ डिसेंबर २०१३ ला, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते.