संदेश अचूक, पण खरा?

बंगळुरू शहराबाहेर ब्यालाळू या गावाजवळ ३२ मीटर व्यासाचा एक प्रचंड अँटेना आकाशाकडे तोंड करून उभा आहे. चंद्रयान-१ मोहिमेसाठी २००८ साली तो उभारला गेला. पुढे मंगळयानाशीही त्याने संपर्क साधला. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा तेथून संदेश पृथ्वीवर पोहोचण्यास सुमारे साडेबारा मिनिटे लागत होती.

एवढ्या प्रवासात संदेश क्षीण होतो, बिघडतोही. अंकीय संदेशवहनाचे वैशिष्ट्य असे, की ते हा बिघाड गृहीत धरूनच चालते. शब्द, ध्वनी, चित्र हे सारे ० आणि १ या दोन अंकांत, म्हणजे बिटांत, मांडले जाते व सोबत तपासणीसाठी काही जादा बिट पाठवले जातात. समजा, सात बिटांत १ हा अंक तीनदा आला, तर आठवा बिट १ ठेवून ही संख्या सम केली जाते. वाटेत एक बिट उलटला की संख्या विषम होते आणि चूक उघडकीस येते. चूक शोधून ती दुरुस्तही करणारी संकेतरचना रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली प्रसिद्ध केली.

मात्र यंत्राची ही दक्षता अक्षरापुरतीच असते. आशयाची सत्यता ते तपासत नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये याच बंगळुरूत ईशान्य भारतातील लोकांवर हल्ले होणार, अशी अफवा मोबाइलवरील लघुसंदेशांतून पसरली. हजारो माणसे हातचे काम टाकून रेल्वेस्थानकाकडे धावली. गुवाहाटीसाठी विशेष गाड्या सोडाव्या लागल्या. अखेर केंद्र सरकारने देशभर पंधरा दिवसांसाठी एकगठ्ठा लघुसंदेशांवर निर्बंध घातले. त्या संदेशांतले एकही अक्षर वाटेत बिघडले नसेल. तरीही ते खोटेच होते.

निर्बंधांनी अफवेचा वेग रोखता येतो, तिच्यावर विश्वास ठेवण्याची वृत्ती नव्हे. कान आणि डोळे यांत चार बोटांचे अंतर असते, असे जुनी माणसे सांगत. आता ऐकीव गोष्टही अक्षररूप घेऊन डोळ्यांसमोर येते, म्हणून ते अंतर प्रत्येकाने विवेकाने राखले पाहिजे. आलेला संदेश पुढे धाडण्यापूर्वी तो कोणी, कशाच्या आधारे लिहिला, हे विचारणे हाच माणसाने जोडायचा जादा बिट होय. तो जोडण्याचे काम कोणत्याही यंत्रावर सोपवून चालणार नाही.