कपाटातल्या कॅसेटी आणि कॅप्चर कार्डाची निवड

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतील ज्या घरांत १९९० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत लग्नकार्ये झाली, त्यांपैकी पुष्कळांच्या कपाटांत साड्यांच्या घड्यांखाली, किंवा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, व्हीएचएसच्या एक-दोन कॅसेटी अद्याप पडून असतील. आणि ज्यांनी त्या कार्यांचे शूटिंग केले त्या कर्जत, नेरळ, खोपोलीच्या छायाचित्रकारांपाशी तर अशा कॅसेटींची चळत असणे स्वाभाविकच आहे. त्या संगणकावर उतरवून घ्याव्यात, नको असलेला भाग छाटावा आणि मुलाबाळांच्या हाती एक पेन ड्राइव्ह द्यावा, ही इच्छा आता अनेकांना होऊ लागली आहे. त्यासाठी जे उपकरण लागते ते कॅप्चर कार्ड; आणि ते घेताना आपण ज्या कसोट्या लावतो त्या बहुतांशी चुकीच्या आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

खोक्यावर ‘फोर-के’ अशी ठळक अक्षरे आहेत की नाहीत आणि किंमत किती, या दोन प्रश्नांवर बहुधा खरेदी उरकली जाते. वस्तुतः पहिला प्रश्न मूळ फीत कोणत्या जातीची हा असावयास हवा, दुसरा ती चालविणारे यंत्र कसे आहे हा. कार्डाचा प्रश्न तिसरा, आणि संकलनाच्या सॉफ्टवेअरचा तर सर्वांत शेवटचा. संकलन आज एका सॉफ्टवेअरवर केले, उद्या दुसऱ्यावर केले, न आवडल्यास पुसून पुन्हा केले, तरी कोणाचे काही बिघडत नाही. परंतु जीर्ण फितीवरून चित्र उतरवून घेण्याची संधी कदाचित एकदाच मिळते. मामलेदार कचेरीत जुन्या मोडी कागदाची नक्कल करणाऱ्या कारकुनाने एखादी ओळ गाळली आणि पुढे अस्सल कागद वाळवीने खाल्ला, तर ती ओळ कोणत्याही हुकुमाने परत आणता येत नाही. कॅप्चर कार्डाचे काम नेमके त्या कारकुनाचे आहे.

आणि अस्सल कागदाची मुदत येथे संपत आलेली आहे. चुंबकीय फितीवरील लेप कालांतराने सुटू लागतो, आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी चार महिने भिंतींनाही ओल धरणाऱ्या या मुलखात त्याच्या जोडीला बुरशी येते. यंत्रांची स्थिती याहून बरी नाही. व्हीसीआर बनविणारी जगातील अखेरची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबविले. चुंबकीय फितींवरील दृक्श्राव्य ठेवा २०२५ च्या सुमारास, यंत्रांच्या आणि सुट्या भागांच्या अभावी, वाचता येईनासा होईल, असा इशारा या क्षेत्रातील जाणकार बरीच वर्षे देत आले, आणि त्याच इशाऱ्याच्या आधारे युनेस्कोच्या पुढाकाराने जगभर विचारणाही झाली. ती घटिका आता आलेली आहे.

फितीच्या जातीचा प्रश्न किती निर्णायक असतो हे मिनीडीव्हीच्या उदाहरणावरून सहज ध्यानात येईल. १९९५ नंतर आलेल्या या छोट्या कॅसेटीवर चित्र मुळातच अंकांच्या रूपात नोंदलेले असते. तेव्हा तिच्यासाठी कॅप्चर कार्ड घेणे म्हणजे हाती आलेला अस्सल दस्तऐवज बाजूस सारून त्याची नक्कल मागविणे होय. कॅमेऱ्याच्या फायरवायर जोडणीतून तेच अंक जसेच्या तसे संगणकात येतात, तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा व्यापतात, आणि त्यात यत्किंचितही घट होत नाही. यासाठी हवा असतो तो फायरवायरचा साधा पोर्ट किंवा तो पुरविणारे स्वस्त कार्ड, एवढेच. आणि ते कार्ड आपल्या संगणकाची आजची प्रणाली ओळखते की नाही, याची खातरजमा. त्याच कॅमेऱ्याच्या पिवळ्या पिनेतून चित्र काढून ते महागड्या कार्डाने उतरविणे म्हणजे अधिक पैसे मोजून कमी पदरात पाडून घेणे होय.

व्हीएचएस, व्हिडिओ-८ आणि हाय-८ यांची गोष्ट निराळी. त्यांवरील चित्र तरंगरूप असते, आणि फीत ताणली वा सैल झाली की त्या तरंगाचा ताल बिघडतो; चित्राची वरची कड वाकते, खालची थरथरते. जुन्या दूरदर्शन संचाला हा बिघडलेला ताल चालत असे, संगणकाला तो चालत नाही. आणि म्हणूनच व्यावसायिक दर्जाची काही कार्डे चांगल्या स्टुडिओ यंत्रासमोर उत्तम काम करीत असूनही घरगुती व्हीसीआर जोडताच चौकटी गाळू लागतात. यावरील उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर, टीबीसी. काही एस-व्हीएचएस यंत्रांत ही सोय अंगभूतच असते. एस-व्हिडिओची जोडणी मिळत असेल तर तीच घ्यावी, कारण तिच्यात प्रकाश आणि रंग वेगळ्या तारांतून येतात आणि पिवळ्या पिनेत होणारी त्यांची सरमिसळ टळते. हेड स्वच्छ असलेले, नीट जुळविलेले यंत्र आणि मध्यम प्रतीचे कार्ड ही जोडी मळक्या हेडचे यंत्र आणि बहुमोल कार्ड या जोडीहून केव्हाही सरस ठरते.

आता कार्डाकडे वळू. आपल्याकडील पॅल पद्धतीचे चित्र ६२५ रेषांचे, सेकंदाला २५ चौकटींचे, आणि प्रत्येक चौकट दोन फील्डमध्ये विभागलेली. कार्डाने ७२० × ५७६ बिंदूंचे हे चित्र दोन्ही फील्डसह, एकही चौकट न गाळता आणि आवाज व ओठ यांचा मेळ तीन तासांच्या अखेरीपर्यंत टिकवून उतरवावे, इतकीच वास्तविक अपेक्षा. स्वस्त कार्डे नेमकी येथेच लबाडी करतात: एक फील्ड टाकून देतात, चित्र आवळून लहान करतात, किंवा अमेरिकी एनटीएससी पद्धत गृहीत धरून चालतात. अमेरिकेतील आप्तांकडून आलेली कॅसेट असेल तर तीच पद्धत योग्य, हेही विसरू नये. व्हीएचएसवर ‘फोर-के’ इतका तपशील मुळात नसतोच. तेव्हा त्या अक्षरांसाठी मोजलेला प्रत्येक रुपया व्यर्थ होय. पॅलची असंक्षिप्त फाइल तासाला सुमारे ७५ गिगाबाइट होते. एफएफव्ही-१ सारख्या मोफत आणि काहीही न गमावणाऱ्या पद्धतीने ती पुष्कळ लहान करता येते. अस्सल म्हणून ती ठेवावी, आणि मोबाइलवर पाहण्यासाठी तिची वेगळी हलकी प्रत काढावी.

ज्यांना आजच्या कॅमेऱ्याचे चित्र एचडीएमआयमधून घ्यावयाचे आहे त्यांनी एक हिशेब करावा. सेकंदाला ६० चौकटींचे फुल एचडी चित्र नेहमीच्या आठ-बिटी स्वरूपात संक्षेप न करता पाठवावयाचे तर सेकंदाला सुमारे दोन गिगाबिट वाहून न्यावे लागतात, आणि यूएसबी २.० ची कागदोपत्री कमाल मर्यादा ४८० मेगाबिट आहे. अर्थात अशा जोडणीचे कार्ड आत येणारे ‘फोर-के’ चित्र स्वीकारील, पण बाहेर देताना ते चिरडूनच देईल. खोक्यावर जे छापले आहे ते बहुधा आत येणाऱ्या चित्राविषयी असते. ग्राहकाने बाहेर काय पडते ते विचारावे.

सॉफ्टवेअरच्या बाबतीतही घाई नको. दाविंची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर बनविणारी ब्लॅकमॅजिक कंपनी स्वतः कार्डेही विकते, आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये थेट चित्र उतरवावयाचे तर त्याच घराण्याचे उपकरण लागते. पूर्वीच्या कॅनोपस कंपनीची कार्डे आणि एडियस यांचा संबंधही असाच निकटचा होता. याउलट आधी स्वतंत्र प्रोग्रॅमने फाइल तयार करून घेतली, तर ती एडियस, प्रीमियर, रिझॉल्व्ह यांपैकी कोठेही नेता येते आणि आपण कोणाचेच मिंधे राहत नाही. माझा कौल या दुसऱ्या मार्गाला आहे.

कोणी म्हणेल, घरोघरच्या लग्नाच्या कॅसेटींची वर्तमानपत्रातून चर्चा करण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन असे की, लग्नाच्या चित्रणात नवरा-नवरीच्या पाठीमागे जे दिसते ते या मुलखाचे दप्तर आहे. द्रुतगती महामार्ग होण्यापूर्वीची खालापूरची भातखाचरे, आज जेथे फार्महाऊसांच्या भिंती आहेत तेथील माळ, महडच्या वरदविनायकाचा माघी उत्सव, उंबरखिंडीच्या विजयाचे स्मरण, नेरळहून माथेरानला चढणारी छोटी गाडी, ठाकर-कातकरी वाड्यांतील नाच आणि गाणी: यांपैकी जे जे त्या काळी कोणा हौशी वा व्यावसायिक माणसाने टिपले असेल त्याची दुसरी प्रत बहुधा कोठेही नाही. २०२३ च्या जुलैत खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी एका रात्रीत दरडीखाली गेली. अख्खी वाडी नकाशावरून पुसली जाऊ शकते हे ज्या तालुक्याने पाहिले, त्याला चित्रनोंदींचे मोल निराळे सांगावयास नको.

तथापि प्रत्येक घराने यंत्र, टीबीसी आणि कार्ड विकत घ्यावे हा सल्ला व्यवहार्य नाही. तीन तासांची कॅसेट उतरावयास तीन तासच लागतात. ते काम करणाऱ्या छायाचित्रकाराने योग्य मोबदला मागितल्यास घासाघीस करू नये, आणि त्यानेही टीव्हीच्या पडद्यासमोर मोबाइल धरून काढलेले चित्रण गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू नये. बुरशी धरलेली कॅसेट स्वच्छ केल्यावाचून यंत्रात घालू नये, कारण ती बुरशी हेडवाटे पुढच्या कॅसेटींना लागते. आणि पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसल्यामुळे यूपीएसवाचून कामास हात घालू नये.

सार्वजनिक पातळीवरील तजवीज तर अगदी हाताशी आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली अनुदान घेणारी वाचनालये गावोगावी आहेत. शिवाय नितीन देसाई यांनी २००५ साली चौकनजीक उभारलेला, ‘जोधा अकबर’चे राजवाडे ज्याने पाहिले तो एन. डी. स्टुडिओ, आता महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाच्या ताब्यात आहे. राज्याच्या चित्रसृष्टीची जबाबदारी वाहणारी संस्था आपल्या दाराशी येऊन बसली असता, तिने एक खोली, दोन चांगली यंत्रे, एक टीबीसी, एक खात्रीचे कार्ड आणि एक प्रशिक्षित इसम यांची व्यवस्था करावी, वाचनालयांनी आपापल्या गावातील कॅसेटींची यादी करून त्या धन्याच्या संमतीने तेथे पोहोचवाव्यात, आणि उतरविलेल्या फाइलची एक प्रत धन्यास व, त्याची हरकत नसल्यास, एक वाचनालयास द्यावी, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. महामंडळाने या दरखास्तीचा विचार करावा. आणि वाचकांनी तोपर्यंत निदान इतके करावे की कपाट उघडून कॅसेटी कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात, त्यांवर नाव आणि साल लिहावे, आणि बाजारात कार्डाची किंमत विचारण्यापूर्वी आपल्या हातातील फीत कोणत्या जातीची आहे ते पाहून घ्यावे.