भीती किरणांची, सवय कुजण्याची!

लासलगावात २००२ पासून ‘कृषक’ नावाचे विकिरण केंद्र उभे आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने ते उभारले ते कांद्यासाठी. मोड थांबावेत, उन्हाळ कांदा टिकावा, मिळेल त्या भावात माल फुंकून टाकण्याची पाळी शेतकऱ्यावर येऊ नये, हा हेतू. पुढे २००७ च्या एप्रिलात याच केंद्रातून विकिरित आंबा अमेरिकेला निघाला. कोयीतल्या भुंग्याच्या धास्तीने अमेरिकेने वर्षानुवर्षे लावून घेतलेले दार ४०० ग्रे किरणमात्रेने उघडले. त्यानंतर वाशीलाही पणन मंडळाने आंब्यासाठी सुविधा उभारली. झाले ते उत्तमच झाले. पण ज्या कांद्यासाठी हा सारा खटाटोप, तो अजून चाळीतच सडतो आहे! अमेरिकन गिऱ्हाइकाच्या आंब्याला विज्ञान आणि निफाड-येवल्याच्या कांद्याला उकिरडा, या न्यायाची लाज ना सरकारला, ना पुढाऱ्यांना, ना शहरातल्या शहाण्यासुरत्या ग्राहकाला!

सप्टेंबरात कोणत्याही कांदाचाळीपाशी जाऊन उभे राहावे. जाळीतून कोंब बाहेर डोकावतात, सालीवर काजळी चढलेली असते, तळाच्या थराला पाणी सुटून त्याचा लगदा झालेला असतो. बाया नाकाला पदर लावून निवड करतात. चांगला एकीकडे, गोल्टी दुसरीकडे, सडका पाटीत. एप्रिलात भरलेल्या चाळीतला तिसरा हिस्सा सड, मोड आणि घट यांत जाणे इथे नवलाचे राहिलेले नाही. म्हणून शेतकरी धास्तीने विकतो आणि भाव कोसळतो. माल आटला की भाव चढतो आणि मग दिल्लीला जाग येते! २०२३ मध्ये ऑगस्टात चाळीस टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात थेट निर्यातबंदी. साठवणुकीची सोय करण्यात वीस वर्षे निजायचे आणि दंडुका उगारायला एका रात्रीत उठायचे, याला कृषिधोरण म्हणायचे काय?

आणि आमचा सुशिक्षित वर्ग? अणूचे नाव काढताच तो अंग चोरतो. कोबाल्ट-६० च्या पोलादी नळ्या खोल पाण्याच्या हौदात असतात. काम सुरू झाले की त्या वर येतात आणि मालाच्या पेट्या त्यांच्याभोवतून सरकत जातात. अन्नाला कोबाल्ट शिवतही नाही. गॅमा किरण आरपार जातात. कोंबाच्या पेशी वाढायच्या थांबतात, किडीची वीण खुंटते, जंतू मरतात. मागे किरणोत्सार उरत नाही. एक्स-रे काढून आलेला हात घरात किरण सांडतो काय? अन्न व कृषी संघटना, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने सरासरी १० किलोग्रेपर्यंतची मात्रा निर्धोक ठरवली ती १९८० साली. कांद्याला लागते त्याच्या शंभरावा हिस्साही नाही. ट्रॉम्बेच्या ‘आयसोमेड’मध्ये १९७४ पासून वैद्यकीय साहित्य याच किरणांनी निर्जंतुक होते. अशी सुई दंडात टोचून घेताना जो कचरत नाही, त्याने कांद्यापुढे थरथरावे, हा विनोद आहे.

विनोद इथेच संपत नाही. मसाल्यातले जंतू मारायला इथिलीन ऑक्साइड वायू सर्रास वापरला गेला. हा वायू कर्करोगकारक आहे. २०२४ च्या एप्रिलात त्याच्याच अंशावरून हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतीय मसाले परत घ्यायला लावले. जो युरोप या वायूला दारात उभे करत नाही, तोच युरोप सुक्या मसाल्यांच्या विकिरणाला परवानगी देतो. आपल्या वाशीत मसाल्यांसाठी विकिरण प्रकल्प २००० पासून चालू आहे. म्हणजे साधन घरात, ज्ञान घरात आणि नाचक्की जगभर!

किरण म्हणजे जादू नव्हे, हेही ठणकावून सांगितले पाहिजे. ते मोड रोखतात. ओल्या, ठेचलेल्या कांद्याची सड रोखत नाहीत. काढणीनंतर नीट सुकवून, काही आठवड्यांच्या आतच विकिरण करावे लागते आणि पुढे शीतगृहाची जोड द्यावी लागते. खर्च मोठा आहे आणि कांद्याचा हंगाम तुटपुंजा. म्हणूनच कांदा, आंबा, मसाले, डाळी असा बारमाही माल घेणारी केंद्रेच तगतील. केंद्र सरकारने २०२४ च्या अर्थसंकल्पात अशा पन्नास केंद्रांना साहाय्य जाहीर केले. त्यांतली कांद्याच्या पट्ट्यात किती उभी राहिली, याचा हिशेब सरकारने जाहीर मांडावा!

एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले हे काम नाही, हे आम्ही जाणतो. पण प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना ज्या महाराष्ट्राने उभा करून दाखवला, त्याच महाराष्ट्राच्या सहकारसम्राटांना कांद्यासाठी एक शीतगृह आणि एक विकिरण केंद्र उभारता येत नाही, यावर कोण विश्वास ठेवील? येत नाही असे नव्हे, करायचे नाही! बाजार समित्यांनी लिलावाच्या सेसमधून आधी हा खर्च काढावा, कमानी आणि सभागृहे मागाहून. विकिरणाचे हिरवे चिन्ह वेष्टनावर ठसठशीत छापावे आणि त्याचा अर्थ मराठीत लिहावा. ग्राहकानेही तो कांदा मागून घ्यावा. कोबाल्टने कोणाचा कांदा नासलेला नाही. तो नासला आहे तुमच्या-आमच्या अज्ञानाने आणि राज्यकर्त्यांच्या आळसाने. येत्या उन्हाळ कांद्याच्या आत हे बदलून दाखवा, नाहीतर शेतकऱ्याच्या नावाने गळा काढणे तरी बंद करा!