व्हायवाला नेमकं काय बघतात?

जर्नल कम्प्लीट, सगळ्या सह्या झालेल्या, टर्मवर्कला २५ पैकी २३. आणि त्याच विषयाच्या व्हायवामध्ये एक्स्टर्नलनी माझ्याच जर्नलमधला माइल्ड स्टीलचा स्ट्रेस-स्ट्रेन ग्राफ पुढे सरकवला. "ही लाइन इथे का वाकली?" मी गप्प! ग्राफ नीट काढला होता हो, पण ती का वाकते हेही मला सांगता आलं पाहिजे, हे त्या दिवशी कळलं. केटी लागली.

(मी कॉन्व्हेंटवाली, मराठी जरा सांभाळून घ्या.)

गंमत म्हणजे ते जर्नलच्या पहिल्याच पानावर छापलेलं होतं. कोर्स आउटकम, म्हणजे विषय शिकून झाल्यावर तुम्हाला काय करता यायला हवं, ते. प्रश्नपत्रिकेतही प्रश्नासमोर सीओ २, एल ४ असं असतं. एल म्हणजे ब्लूमच्या पायऱ्या: आठवणं, समजणं, वापरणं, मग पृथक्करण, पारख आणि शेवटी नवं घडवणं. मी पहिल्या पायरीवर बसून चौथीचे मार्क मागत होते! २०१४ साली भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा कायम सदस्य झाला, त्यामुळे एनबीएची टीम येणार म्हटलं की या तक्त्यांना फार महत्त्व येतं. पण ते आपल्यासाठी आहेत असं आपल्याला वाटतच नाही. सेमच्या शेवटी येणारा सर्व्हे आमच्या विंगमध्ये दोन मिनिटांत भरून होतो, न वाचता, सगळीकडे 'स्ट्राँगली अ‍ॅग्री'. चूक आमचीही आहेच.

माझ्या आईने लग्नाआधी डोंबिवलीत टायपिंगचा क्लास लावला होता. पहिल्या दिवसापासून तिला माहीत होतं: मिनिटाला ३० शब्द. बाई रोज चुकांना लाल गोल करून कागद परत द्यायच्या, किती उरलंय ते तिचं तिलाच दिसायचं. मान्य, इंजिनीअरिंग असं शब्दांत मोजता येत नाही. पण मग जास्तच सांगायला हवं ना?

सर-मॅडमना एक विनंती. पहिल्या लेक्चरला सीओची स्लाइड वाचण्याऐवजी (तोवर आम्ही बेंचच शोधत असतो) गेल्या वर्षीची दोन उत्तरं दाखवा, नावं झाकून. एकाला ९ का आणि दुसऱ्याला ४ का, ते आम्हालाच ओळखू द्या.

माझी व्हायवा पुन्हा आहे. या वेळी प्रत्येक ग्राफशेजारी पेन्सिलीने 'का?' लिहून ठेवलंय. तीन ठिकाणी उत्तर अजून कोरं आहे. कुणाला येत असेल तर मेसमध्ये भेटा, चहा माझ्याकडून.