केसपेपर कॉम्प्युटरवर नेताना

तालुक्याच्या गावातल्या पन्नास खाटांच्या इस्पितळांतही आता केसपेपर कॉम्प्युटरवर जाऊ लागलेत. चांगलंच आहे. पण ज्या डॉक्टरांनी, विश्वस्तांनी हे मनावर घेतलंय त्यांना एक विनंती: विक्रेत्याचा डेमो बघण्याआधी एक अख्खी रात्रपाळी वॉर्डातल्या सिस्टरांशेजारी बसून काढा.

डेमोत सगळं झकास दिसतं. वॉर्डात सिस्टर सलाईन बदलत असतात, टीपीआर चार्ट भरायचा राहिलेला असतो, कोपऱ्यातल्या खाटेचे नातेवाईक हाका मारतात आणि तेवढ्यात डॉक्टर फोनवरून इंजेक्शनचा डोस निम्मा करायला सांगतात. हा बदल कॉम्प्युटरवर कोणी चढवायचा, आणि नंतर डॉक्टरांनी तो कधी मान्य करायचा? हे आधी ठरलं नसेल तर सिस्टर चिठ्ठीवर लिहून ठेवणार, पाळी संपताना नोंदवू म्हणणार. तोवर पडद्यावर जुनाच डोस, आणि पुढच्या पाळीला तोच दिला जाण्याची भीती. सॉफ्टवेअर कितीही महागाचं घ्या, हा प्रश्न ते सोडवत नाही. तो माणसांनी एकत्र बसूनच सोडवायचा असतो. इंग्लंडने २००२ साली देशभरच्या इस्पितळांसाठी अशी योजना वरून राबवायला घेतली, अब्जावधी पौंड ओतले आणि २०११ मध्ये ती गुंडाळायचं जाहीर केलं. कारणं बरीच होती. रोज वापरणाऱ्यांना पुरेसं विचारलं नव्हतं, हे त्यातलं एक मोठं. आपल्याकडे निदान सगळा स्टाफ एका खोलीत मावतो.

सुरुवात एकाच विभागापासून करा. पहिले काही आठवडे अपॉइंटमेंट कमी घ्या. हात बसेपर्यंत वेळ लागणारच. कागद कोणत्या तारखेला बंद होणार ते आधीच सांगून टाका, नाहीतर अर्धी माहिती फायलीत आणि अर्धी कॉम्प्युटरवर अशी गत होते. वीज किंवा नेट गेलं तर वापरायचे कोरे छापील फॉर्म मात्र प्रत्येक वॉर्डात हवेतच. कीबोर्डखाली चिकटवलेला सगळ्यांचा एकच पासवर्ड तर पहिल्याच दिवशी काढून टाका, कारण मग नोंद कोणी केली हे कधीच कळत नाही. करार करताना एवढं लिहून घ्या की उद्या कंपनी बदलली तर सगळ्या रुग्णांची माहिती, दुसरीकडे वापरता येईल अशा स्वरूपात, परत मिळेल.

आता रुग्णांसाठी. खरा घोळ नोंदणीच्या खिडकीवर होतो. घरातल्या पाचजणांना मुलाचाच मोबाइल नंबर, आजींचं वय दरवेळी वेगळं, आणि एकाच बाईंच्या नावाने तीन खाती. एका खात्यात पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली, उघडलं जातं भलतंच. म्हणून खिडकीवर दोन मिनिटं थांबून नाव, जन्मतारीख आणि ॲलर्जी बरोबर चढली का, हे वाचून दाखवायला सांगा. संकोच नको.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ पासून देशभर सुरू आहे. त्यातला चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक अशा घोळावर उपयोगी पडतो. तो काढणं ऐच्छिक आहे, आणि त्यातून तुमचे रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचे तर तुमची संमती लागते. मोबाइलवर आलेला ओटीपी सांगण्याआधी तो कशासाठी हवाय ते विचारा. जुनी फाइल रद्दीत घालू नका; त्यातलं सगळं कॉम्प्युटरवर चढलेलं नसतं.