कानांनीं करावयाचें वाचन

‘पॉडकास्ट’ हें प्रकरण काय आहे आणि त्यांतलें आमच्यासारख्यांनीं काय ऐकावें, असें कित्येक वाचक आम्हांस विचारतात. विचारणारे बहुतेक आमच्याच वयाचे. मुलें पुण्यास अथवा परदेशीं, घरांत दोघेंच, आणि बारीक अक्षर आतां डोळ्यांस झेपत नाहीं, अशी एकंदर स्थिति. म्हणून या महिन्याचें पान त्या प्रश्नास देत आहों.

नांव नवें आहे, वस्तु तितकीशी नवी नाहीं. 2004 सालीं बेन हॅमर्स्ले यांनीं ‘गार्डियन’ या इंग्रजी पत्रांत हा शब्द योजिला. ‘आयपॉड’ हें खिशांत मावणारें गाण्याचें यंत्र आणि ‘ब्रॉडकास्ट’ म्हणजे ध्वनिक्षेपण, यांचा तो जोड. पाणिनीस तो रुचला नसता. पण रूढि बलवत्तर. रेडिओची वेळ रेडिओ ठरवितो, पॉडकास्टची वेळ श्रोता ठरवितो, एवढाच काय तो भेद. एकदां भाग मोबाइलवर उतरवून घेतला, कीं मग इंटरनेट नसलें तरी अडत नाहीं. अकोले तालुक्याच्या डोंगरांत राहणाऱ्यांस ही सोय मोठी आहे.

श्रवणाची परंपरा आमच्या जिल्ह्यास कोणीं शिकवावयास नको. नेवाशास 1290 सालीं ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती सांगून आणि ऐकून. सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. आणि 1955 च्या चैत्रांत पुणें आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालें, तेव्हां आठवड्यास एक याप्रमाणें छप्पन्न गीतें घरोघरीं रेडिओभोंवतीं बसून ऐकलीं गेलीं, तीही एक श्राव्यमालाच होती.

परंतु काय ऐकावें याइतकाच, कोणाचें ऐकूं नये हाही प्रश्न आहे. आमच्या नगरांत (2024 पासून अहिल्यानगर, आमच्या जिभेस मात्र अजून नगरच) आमचे एक स्नेही आहेत, तेही निवृत्त शिक्षक. काचबिंदूनें त्यांची दृष्टि इतकी क्षीण झाली, कीं वर्तमानपत्राचे मथळेही दिसेनात. वाचतां येत नाहीं हें चारचौघांस कळूं नये, म्हणून त्यांनीं वाचनालयांत जाणेंच सोडलें. नातवानें मोबाइलवर ऐकण्याची व्यवस्था लावून दिली, तेव्हां गृहस्थ पुन्हा बोलूं लागले. पुढें एके दिवशीं कोण्या मधुरकंठी उपदेशकाच्या तोंडून त्यांनीं ऐकलें कीं अमुक काढ्यानें काचबिंदू समूळ जातो, थेंबांची गुलामी सोडा. त्यांनीं ती सोडली. तीन आठवड्यांनीं सुनेच्या लक्षांत आलें कीं थेंबांची बाटली भरलेलीच आहे. डोळ्यांचा दाब तोंवर वाढला होता. काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. थेंब उरलेली राखतात, इतकेंच. त्या तीन आठवड्यांत काय गेलें याविषयीं ते बोलत नाहींत, आम्हीही विचारीत नाहीं.

तेव्हांपासून त्या घरीं कानांत नळ्या घालून ऐकणें बंद झालें. माजघरांत लहानसा ध्वनिवर्धक ठेवून दोघें मिळून ऐकतात; सून मध्येंच थांबवून शंका विचारते, सासरे उत्तर देतात, कधीं उलटही होतें. हीच पद्धति आम्ही सर्वांस सुचवूं. बोलणारा आपलें नांव व शिक्षण सांगत नसेल आणि शेवटीं बाटली विकत असेल, तर त्याला उंबऱ्याच्या आंत घेऊं नये.

आतां आमच्या आवडीच्या माला. सर्वांत वरचें स्थान आम्ही बीबीसीच्या ‘इन अवर टाइम’ला देतों. 1998 पासून 2025 पर्यंत मेल्व्हिन ब्रॅग यांनीं ती चालविली. हजारांहून अधिक भाग झाले आहेत. एक विषय, तीन विद्वान, पाऊण तासाच्या आंतबाहेर वेळ, आणि पाल्हाळ लावणाऱ्या प्राध्यापकास मुद्द्यावर आणणारे ब्रॅग. वर्गांत आम्हांस जें साधावयास वर्षें लागलीं तें हे गृहस्थ पांच मिनिटांत साधीत. भगवद्गीता, उपनिषदें आणि अशोक यांवरचे भाग अवश्य ऐकावे. तेथील सर्वच मतें आम्हांस मान्य नाहींत. परंतु आपल्या ग्रंथांकडे परका अभ्यासक कोणत्या बाजूनें येतो, हें कळणें लाभाचें आहे. इंग्रजी भरभर वाटल्यास आवाजाची गति कमी करण्याची सोय बहुतेक ॲपांत असते. तिचा उपयोग करण्यांत कमीपणा नाहीं.

इतिहासप्रेमींनीं विल्यम डॅलरिंपल आणि अनिता आनंद यांची ‘एम्पायर’ ही 2022 सालीं सुरू झालेली माला घ्यावी. तिचा प्रारंभच हिंदुस्थानांतील इंग्रजी सत्तेपासून आहे. ज्या किल्ल्यावरून आपण रोज जातों तो वेलस्लीनें ऑगस्ट 1803 मध्यें घेतला, त्यामागील कंपनीचें राजकारण समजावयास तिची मदत होते. दोघेंही हसतात फार; तेवढें सोसावें. ज्यांस रोम प्रिय त्यांनीं माइक डंकन यांची ‘हिस्टरी ऑफ रोम’ ऐकावी. 2012 सालींच ती पूर्ण झाली असल्यामुळें पुढील भागाची वाट पाहणें नाहीं. अमित वर्मा यांच्या ‘द सीन अँड द अनसीन’चे कित्येक भाग इतके दीर्घ आहेत, कीं नगरहून पुण्यास जाऊन परत येईपर्यंत एकच संपतो.

मराठींत ‘अमुक तमुक’ ऐकावें. ओंकार जाधव आणि शार्दुल कदम हे तरुण तज्ज्ञांस बोलावून मन, शरीर आणि नातेसंबंध यांविषयीं विचारतात. इंग्रजी शब्दांची पेरणी आमच्या कानांस खुपते. पण ज्या गोष्टी आमच्या पिढीनें माजघरांत कधीं उच्चारल्याच नाहींत त्या तेथें सभ्यपणें बोलल्या जातात. सासूसुनांनीं एकत्र ऐकण्यास हरकत नाहीं. कथाकादंबऱ्या हव्या असतील त्यांस ‘स्टोरीटेल’ आहे. 2017 पासून तिनें मराठी पुस्तकें श्राव्य केलीं. पैसे पडतात, तें योग्यच. वाचणाऱ्याच्या घशासही मोल आहे.

राहतां राहिली आमची खास आवड. आकाशवाणीवरून 30 जून 1974 पासून संस्कृतांत वार्ता सांगितल्या जातात, अवघ्या पांच मिनिटांच्या. ‘न्यूज ऑन एअर’ या ॲपवर त्या मिळतात. ज्यांचें संस्कृत शाळेबरोबर सुटलें त्यांनीं आधीं मराठी बातम्या ऐकाव्या आणि लगेच त्याच संस्कृतांत ऐकाव्या. आठवडाभरांत निम्मा अर्थ लागूं लागतो. वाचकांनीं आपल्या आवडीच्या मालांचीं नांवें आम्हांस अवश्य कळवावीं. शास्त्रीय संगीतावरील माला सुचविल्यास विशेष आनंद होईल. पुढील अंकीं तोच विषय घेण्याचा विचार आहे.