नोटिशीआधी दवाखाना

नागापूर एमआयडीसीत जाणारा आपला माणूस खाडे करू लागला, हात मंदावला की नोटीस निघते. घरचे म्हणतात, दारू नडली. असेलही. पण नर्स म्हणून मी पाहिलंय, अनेकांची आधी झोप उडालेली असते, साखर वाढलेली असते. बाटली मागून येते. कंपनीने आधी तपासणीला पाठवावं, मग जाब विचारावा. साहेबाला समुपदेशक आणि कंत्राटी कामगाराला गेट, हा कुठला न्याय?

पगारातून ईएसआय कापतात ना? हप्ते पुरेसे भरलेले असतील तर त्यांच्या डॉक्टरच्या दाखल्यावर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. मन खचलं असेल तर टेलि-मानसला १४४१६ वर फोन लावा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि नोटीस फाडू नका. दाखला जोडून लेखी उत्तर द्या, पोच घ्या.